काच त्यांची, धूळ माझी

सीलबंद फोनच्या आत, कॅमेऱ्याच्या काचेखाली धूळ शिरली तर ती कुणाची? मोबाईल कंपन्यांनी या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावून टाकला आहे. फोन त्यांनी बनवला, काच त्यांनी चिकटवली, तो कुणाला सहजी उघडता येऊ नये म्हणून गोंद त्यांनी ओतला, आणि उघडलात तर वॉरंटी विसरा, हा दमही त्यांनीच भरला. आत कण दिसला की तो मात्र ग्राहकाचा! तो मी आणला, मी पोसला, आणि आता काढायचा तर पैसेही मीच मोजायचे. वाटणी करावी तर अशी.

मला ही वाटणी मान्य नाही. ज्या जागी माझे बोट पोचत नाही, ते पोचू नये याची जिथे कंपनीने जाणूनबुजून व्यवस्था केली आहे, तिथल्या धुळीची जबाबदारी माझी नाही. हे इतके उघड आहे की त्यासाठी लेख लिहावा लागतो याचीच लाज वाटते. पण लिहावा लागतो, कारण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपलीकडे ते कुणाला ऐकू जात नाही.

तिथे काय ऐकवले जाते ते सांगते. एका बड्या कंपनीचा, वॉरंटीतला, कधी हातातून न पडलेला फोन घेऊन मी तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. आकाशाचा फोटो काढला की डाव्या कोपऱ्यात राखाडी डाग. टोकन घेतले, नंबर आला. काउंटरवरच्या मुलाने काच फडक्याने पुसली, टॉर्च मारून पाहिले आणि निदान केले, “आत डस्ट आहे, मॅडम.”

“ते मलाही दिसतंय. आत गेली कशी?”

“वापरताना जाते.”

“बॉक्सवर तर धूळ जाणार नाही असं लिहिलंय.”

“वॉरंटीत नाही बसत, मॅडम. पूर्ण कॅमेरा मॉड्यूल बदलावं लागेल. चार्जेबल.”

“नुसतं उघडून साफ करून द्या.”

“कंपनी तसं करत नाही.” मग त्याने माझ्याच फोनवर माझाच फोटो मला दाखवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “पण फोटो येतोय ना?”

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला उत्तरे पढवलेली असतात, आणि पढवलेले सोडून बोलला तर त्याची नोकरी जाते. राग आहे तो पढवणाऱ्यांवर. कारण फोन विकताना हेच लोक मला पिक्सेल मोजून दाखवत होते. २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एकेक पिक्सेल साधारण ०.६ मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड. म्हणजे ३० मायक्रॉनचा, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा कण सेन्सरवर बसला, तर तो ५० पिक्सेल रुंदीची जागा अडवतो आणि दोनेक हजार पिक्सेल त्याच्याखाली गाडले जातात. विकताना यातल्या प्रत्येकाचे पैसे घेतले. ते मेल्यावर मात्र विचारायचे, फोटो येतोय ना!

ही धूळ नेमकी कुठे बसते ते समजून घेऊ, कारण कंपन्यांचे निम्मे फावते ते आपल्या अज्ञानावर. बोटाला लागते ती काच म्हणजे लेन्स नाही, ते नुसते झाकण. त्याच्याखाली थोडी पोकळी, मग खऱ्या लेन्सचे नळकांडे. त्यात प्लास्टिकची पाच-सहा-सात इवली भिंगे एकावर एक बसवलेली असतात. हे नळकांडे एका जागी स्थिर नसते. फोकस साधायला ते चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याच्या जोरावर पुढे-मागे सरकते. महागड्या फोनात हाताचा कंप सावरण्यासाठी आडवेही सरकते. आता जे सरकते त्याच्याभोवती फट ठेवावीच लागते. नळकांड्याच्या तळाशी अवरक्त किरण अडवणारी एक पातळ काच आणि तिच्याखाली सेन्सर.

धूळ झाकणाच्या काचेखाली, वरच्या पोकळीत असेल, तर ती फोकसपासून इतकी लांब असते की दिवसाच्या फोटोत बहुधा दिसतच नाही. ती उपद्रव देते रात्री किंवा उन्हाच्या तिरिपेत: दिव्याभोवती धुरकट वलय येते, चित्र फिके पडते. धूळ तळाच्या काचेपर्यंत उतरली, की मात्र फोटोत ठरावीक जागी काळपट ठिपका उमटतो आणि तो हलत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. बाहेरची काच स्वच्छ पुसा. पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढा, फोन थोडा सरकवून पुन्हा काढा. डाग चौकटीत त्याच जागी राहिला तर तो भिंतीवर नाही, फोनमध्ये आहे. मग मुख्य, वाइड, टेली असा एकेक कॅमेरा बदलून पाहा. ज्याच्यात दिसेल ते मॉड्यूल आजारी.

टॉर्चच्या उजेडात काचेखाली एखादा कण दिसतो पण फोटोत काहीच उमटत नाही, असे असेल तर त्याच्या नादी लागू नका. काचेखालच्या कणाने फोटो बिघडतोच असे नाही, हे कंपन्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. खोटेपणा पुढे सुरू होतो. निरुपद्रवी कणासाठी असलेले हे उत्तर फोटोत डाग पाडणाऱ्या कणालाही सरसकट दिले जाते.

आता त्या सुप्रसिद्ध आकड्याकडे येऊ: आयपी ६८. हा आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातला आकडा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीसाठी ६ ही सर्वांत वरची पायरी. आत काही जाता कामा नये. ५ म्हणजे थोडी धूळ जाईल, पण कामात बिघाड होऊ नये. ४ म्हणजे एक मिलिमीटरहून जाड वस्तू अडेल. म्हणजे मुंगीची अडचण, धुळीला मोकळे रान. आणि अंकाच्या जागी एक्स असेल तर कंपनी त्या बाबतीत कसलाच दावा करत नाही. सॅमसंगचे २०२१ चे घडीचे फोन ‘आयपीएक्स ८’ मिरवत आले. २०२४ च्या झेड फोल्ड ६ ला ‘आयपी ४८’ लाभले. दुकानात ‘आठ आहे’ एवढेच सांगितले जाते. पहिल्या अंकाबद्दल कुणी ब्र काढत नाही.

६ हा अंक मिळतो कसा? बंद पेटीत टाल्कम पावडर उधळतात. ती ७५ मायक्रॉनच्या जाळीतून चाळलेली, पेटीच्या दर घनमीटरला २ किलो या प्रमाणात. आतली हवा ओढून फोनमध्ये कमी दाब निर्माण करतात, म्हणजे पावडरीला आत शिरायला कारण मिळते. काही तास, जास्तीत जास्त ८ तास, हा खेळ चालतो. मग उघडून पाहतात. चाचणीचा नमुना नवा आणि स्वच्छ हवा, ही मानकाचीच अट. या परीक्षेत खिसा नाही. जिन्याच्या कडेवर आपटणे नाही. अकोल्याची मे महिन्यातली दुपार नाही, जिच्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या फोनचा गोंद मऊ पडतो आणि रात्री पुन्हा आवळतो. फोन तापला की आतली हवा बाहेर पडते, निवला की बाहेरची आत ओढली जाते. वर्षभर हे रोज घडल्यावर गोंदाची कड कुठेतरी सुटणारच.

आणि गंमत अशी, की कंपन्यांना हे ठाऊक आहे. त्या तसे लिहितातसुद्धा. पाणी आणि धूळ रोखण्याची क्षमता कायमची नसते, रोजच्या वापराने ती घटू शकते, हे ॲपल स्वतः सांगते. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत धरले जात नाही हेही सांगते. हे सांगते कुठे? तळटीपेत. जाहिरातीत फोन हौदात पडतो, वाळूत लोळतो, हसतखेळत बाहेर येतो. खाली, मुंगीने लिहावे तशा अक्षरांत, त्या दाव्यातून माघार.

पण टाल्कम पावडर! ज्यांनी जेजुरीचा भंडारा पाहिला नाही त्यांनी खुशाल पावडरीवर फोनची परीक्षा घ्यावी. सोमवती अमावास्येला गडावर हळद उधळली जाते तेव्हा माणसे पिवळी, पायऱ्या पिवळ्या, हवाही पिवळी, आणि त्या हवेत शेकडो फोन उंच धरलेले. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुन्हा गुलाल, वर घामाचा ओलावा. हे झाले सणासुदीचे. रोजचे बघायचे तर इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर कापसाचे तंतू दिवसरात्र हवेत तरंगत असतात. चंद्रपूरला कोळसा आहे, मुरगावला बंदरातला कोळसा आहे, गावोगाव खडी फोडणारे क्रशर आहेत, पिठाच्या गिरण्या आहेत. पुण्या-मुंबईत तर एक रस्ता धड सिमेंटचा होऊन संपत नाही, तोवर तोच पुन्हा खोदलेला असतो.

या धुळीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कोणता फोन असतो? बहुधा आयपी ६८ वाला नसतो. दहा-बारा हजारांच्या फोनवर बऱ्याचदा ५२, ५४ असे काहीतरी, नाहीतर काहीच नाही. म्हणजे धूळ थोडी आत जाईल असे ज्याच्या आकड्यातच कबूल आहे, तो फोन यंत्रमाग कामगाराला. आणि धूळबंद फोन वातानुकूलित काचघरात बसणाऱ्याला, ज्याच्या टेबलावर धुळीचा कण उतरला तरी शिपायाला बोलावणे जाते. बाजाराचा न्याय म्हणतात तो हा.

कुणी म्हणेल, बाई, एवढे काय त्यात. फोटोवर एक ठिपका आला तर काय आभाळ कोसळले? सेल्फीपुरता कॅमेरा असता तर मीही एवढा आवाज केला नसता. पण या राज्यात शेतकऱ्याने आपल्या शेतात काय पेरले ते त्याने फोनने फोटो काढून सरकारला दाखवायचे असते. ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून तशी चालते. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाईल ॲपमध्ये फोटोसकट नोंदवायची, हे २०२३ च्या सुरुवातीपासून देशभर सक्तीचे झाले. भाजीवाल्याला पैसे द्यायचे तर कॅमेराच क्यूआर वाचतो. सरकारने कॅमेऱ्याला साक्षीदार केले आणि कंपनी म्हणते, साक्षीदाराच्या डोळ्यात फूल पडले तर ते घरचे बघा. मुरमाड रानात उभे राहून फोटो काढणाऱ्या माणसाने, कॅमेरा धुरकट झाला म्हणून, फोनच्या किमतीच्या मानाने भरमसाट वाटेल असे मॉड्यूल विकत घ्यावे?

कंपन्यांची वृत्ती पाहायची असेल तर २०२१ च्या सप्टेंबरात ॲपलने प्रसिद्ध केलेली सूचना आठवा. मोटारसायकलच्या जोरदार इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली कंप सावरणारी आणि फोकस साधणारी यंत्रणा कमकुवत होऊ शकते, सबब फोन हँडलला लावू नका. सूचना तांत्रिकदृष्ट्या चोख. पण हँडलला फोन लावल्याशिवाय ज्यांचे पोट भरत नाही अशी पोरे आज प्रत्येक सिग्नलला उभी आहेत, आणि त्यांच्या रस्त्यांवर कंपनांसाठी इंजिन लागतच नाही, खड्डे पुरतात. त्यांच्यासाठी टिकेल असा फोन बनवा, हे कुणाच्या मनात आले नाही. त्यांनी फोन कसा वापरू नये, हे मात्र तातडीने सुचले.

‘धूळ ही निसर्गाची गोष्ट, तिला आम्ही काय करणार’ हा बचाव किती तकलादू आहे, ते निकॉनच्या डी ६०० या कॅमेऱ्याने दाखवून दिले. २०१२ च्या सप्टेंबरात तो बाजारात आला आणि थोड्याच काळात लोकांच्या फोटोंत काळे ठिपके दिसू लागले. आधी सल्ला मिळाला तो साफसफाईचा. पुढच्या वर्षी नवे शटर घातलेला डी ६१० आला. २०१४ च्या फेब्रुवारीत निकॉनने जाहीर केले की वॉरंटी संपली असली तरी तपासणी, सफाई आणि शटर बदलणे फुकट. त्यानंतर महिना उलटायच्या आत, १५ मार्चच्या ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. त्यात सेवा केंद्रातली माणसे ठिपक्यांचे खापर शहरातल्या धुरक्यावर फोडताना दिसली. लगेच शांघायच्या अधिकाऱ्यांनी विक्री थांबवायला लावली. काउंटरवर दोषी होते ते धुरके. बदलावे लागले ते मात्र यंत्रातले शटर.

आणि हेही लक्षात घ्या, की बदलत्या लेन्सचे कॅमेरे बनवणाऱ्यांनी धूळ आत जाणारच हे मान्य करून तिच्यावर इलाज शोधले. ऑलिंपसने २००३ साली ई-१ मध्ये सेन्सरपुढची काच अतिवेगाने थरथरवून धूळ झटकणारी व्यवस्था घातली. नंतर इतरांनीही तशा सोयी केल्या. कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकेत ब्लोअर कसा वापरायचा ते लिहिलेले असते. फोन विकणाऱ्यांना इलाज नको आहे, कारण इलाजापेक्षा नवा फोन जास्त पैसे देतो.

आकड्यांच्या थापा मारणाऱ्यांना जाब विचारता येत नाही, असेही नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. कारण हेच, पाणी सहन करण्याचा दावा ठळक आणि त्याच्या अटी झाकलेल्या, वर पाण्याने बिघडलेल्या फोनला वॉरंटी नाही. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला; जाहिरातीत फोन समुद्रात आणि तरणतलावात, प्रत्यक्षात चार्जिंगची जागा गंजण्याची भीती. दोन्ही प्रकरणे पाण्याची. धुळीवरून अजून कुणी असा बडगा उगारलेला माझ्या ऐकिवात नाही. पाणी नाट्यमय असते, धूळ सावकाश मारते. शिवाय ती जास्त करून आमच्यासारख्यांच्या देशांत असते.

मग आमच्याकडे कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची फसव्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ च्या जूनपासून लागू आहेत. त्यांत म्हटले आहे की तळटीप मुख्य दाव्याच्या विरोधात जाता कामा नये, दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टायपात हवी. म्हणजे मराठी जाहिरातीत ‘धुळीची चिंता सोडा’ आणि खाली इंग्रजीत ‘चिंता तुमची’ हे चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली दोषाची व्याख्या तर वाचून पाठ करावी अशी आहे: विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा असल्याचा दावा केला, त्यात उणीव आढळली तर तो दोष. बॉक्सवर ६ छापलेला आणि सेन्सरवर धूळ, यापेक्षा त्या व्याख्येत चपखल बसणारे उदाहरण मला सुचत नाही.

दुरुस्तीच्या हक्काचेही आपल्याकडे सोहळे झाले. २०२२ च्या जुलैत समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल आले. २०२४ मध्ये दुरुस्ती किती सोपी हे मोजणाऱ्या निर्देशांकासाठी आणखी एक समिती, २०२५ च्या मे महिन्यात तिचा अहवाल. या सगळ्या कागदांनी माझ्या फोनचा एक स्क्रूही सैल केलेला नाही. तिकडे युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत, आणि त्या यादीत मागचा-पुढचा कॅमेरा नाव घेऊन लिहिला आहे. फोनच्या लेबलवर तो दुरुस्त करणे किती सोपे आणि धूळ-पाण्याला तो किती टिकतो, ते छापावे लागते. कंपन्या त्याच, फोनही तेच. तिथे जमते आणि इथे जमत नाही, याचा अर्थ तिथे कुणीतरी दटावले आहे.

आमच्याकडे भार येतो तो गल्लीतल्या कारागिरावर. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये हीट गन, ओढायचा रबरी कप, प्लास्टिकची पात आणि बी-७००० गमची ट्यूब एवढ्या शिदोरीवर माणसे जे करून दाखवतात, त्याला मी मनापासून मानते. आणि ते कंपनीपेक्षा खरे बोलतात. “ताई, काच काढून आतली धूळ उडवून देतो, पण नंतर पाण्याची गॅरंटी नाही. आणि खाली सेन्सरवर असेल तर मी हात नाही लावत,” असे मला एका दुकानदाराने तोंडावर सांगितले. एवढे सरळ वाक्य अधिकृत केंद्रात ऐकायला मिळाले असते तर हा लेख निम्माच झाला असता. पण त्याच्या हातात आहे काय? कॅमेरा मॉड्यूल जिथे जुळवतात त्या खोल्यांची हवा गाळलेली असते. आयएसओच्या पाचव्या वर्गाच्या खोलीत अर्धा मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण घनमीटरला ३,५२० च्या वर चालत नाहीत. साध्या खोलीसारख्या नवव्या वर्गात हाच आकडा ३ कोटी ५२ लाख. रस्त्यालगतच्या टेबलावर रिक्षांच्या धुरात उघडलेल्या कॅमेऱ्यात एक कण काढताना तीन आत जाणार, हे त्यालाही कळते. कंपनीने त्याला अस्सल काच, योग्य चिकटपट्टी आणि पुस्तिका दिली असती, तर निदान वरच्या पोकळीची सफाई त्याने डाळ शिजायच्या आत करून दिली असती. दिलेले नाही. वर त्यालाच ‘अनधिकृत’ म्हणायचे.

उरले घरगुती वैद्य. फोन तळहातावर आपटा, व्हॅक्युम क्लीनर लावा, फोन थरथरवणारे ॲप चालवा, काचेला टूथपेस्ट चोळा, तांदळाच्या डब्यात ठेवा. तांदूळ तर सगळ्या आजारांवर. उद्या नेटवर्क गेले तरी तांदळात ठेवायला सांगतील. टूथपेस्ट म्हणजे बारीक घासणारी पूड. काचेवरचा लेप खरवडून ती आतली धूळ कशी काढणार? व्हॅक्युम क्लीनरची ओढ त्या तरंगत्या नळकांड्याला लागली तर धुळीसोबत फोकसही जायचा. आपटल्याने कण हलतो हे खरे, पण कुठे जाईल हे कणाच्या मर्जीवर. वरच्या निरुपद्रवी पोकळीतून खाली सेन्सरवर पोचवण्याचा हा रामबाण उपाय आहे. हे सल्ले देणाऱ्यांना लाखो प्रेक्षक मिळतात, कारण ज्याने उत्तर द्यायला हवे तो ‘फोटो येतोय ना’ म्हणून गप्प बसला आहे.

कंपन्यांचा शेवटचा बचाव असा, की कुठलाच फोन पूर्ण हवाबंद करता येत नाही. माइक, स्पीकर, चार्जिंगची जागा ही भोके लागतातच, आणि कॅमेऱ्याचे नळकांडे सरकणार म्हणजे फट राहणार. मला हे शंभर टक्के पटते. पण मग ते बॉक्सवर छापा. फोन नवा असताना ६, दोन वर्षांनी किती ते तुम्हीच तपासून सांगा. औषधाच्या पाकिटावर मुदत छापता येते तर आकड्यावर का नाही? बाहेरची काच स्क्रूवर बसवा, म्हणजे ती बदलायला हीट गन लागणार नाही. नुसती सफाई हे काम दरपत्रकात घाला, त्याचा रास्त दर लावा, मी आनंदाने देईन. मॉड्यूलच बदला ही सक्ती बंद करा. आणि फोन बाहेरून फुटलेला नाही, उघडलेला नाही, तरी वॉरंटीच्या काळात आत धूळ आहे, एवढे दिसले की तो कारखान्याचा दोष धरा. तसा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर टाका. सीलबंद बाटलीत किडा निघाला तर ‘तुमच्या स्वयंपाकघरात किडे असतील’ असे म्हणायची हिंमत पाणी विकणारा करत नाही. फोन विकणारा करतो, कारण आपण ऐकून घेतो.

म्हणून पुढचे काम आपले. नवा फोन घेतला की पहिल्याच दिवशी प्रत्येक कॅमेऱ्याने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि तो जपून ठेवा. पुढे डाग आला तर तो नंतर आला याचा तोच पुरावा. बॉक्स फेकू नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. सर्व्हिस सेंटरने नाही म्हटले तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. दोन वर्षांची मुदत तेवढी चुकवू नका. एका ठिपक्यासाठी कोण आयोगात जाते, याच हिशेबावर कंपन्यांचा धंदा चालला आहे. तो हिशेब शे-दोनशे माणसांनी चुकवला तरी पुढच्या मॉडेलला स्क्रू येतील.

आणि सर्वांत आधी, काउंटरवरून तोंडी नकार घेऊन परतू नका. जॉबशीटवर लिहून मागा: फोनवर बाहेरून मार नाही, फोन आधी उघडलेला नाही, आत धूळ आहे, दुरुस्ती वॉरंटीत नाकारली. खाली सही, शिक्का, तारीख. मुलगा म्हणेल, सिस्टिममध्ये तसा पर्याय नाही. मग मॅनेजरला बोलवायला सांगा, जागचे उठू नका, आणि आवाज एवढा ठेवा की मागच्या टोकनवाल्यालाही आपला फोन भिंतीसमोर धरून पाहावासा वाटेल.